दुसरी इजा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या समारंभात एका माजी विद्यार्थ्याने, अस्थिशल्यविशारद म्हणून दीर्घकाळ काम केल्यानंतर, दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव समितीने विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, तेव्हा मी शाळेच्या आठवणी सांगाव्यात अशीच तिची अपेक्षा असावी. परंतु आठवणी रंगवून सांगणारे माझ्यापेक्षा कितीतरी सरस वक्ते आज या व्यासपीठावर बसले आहेत. माझे आयुष्य मोडलेल्या मणक्यांत गेले. तेव्हा मी मज्जारज्जूविषयीच बोलणार आहे आणि शाळेकडे येणार आहे तो एका आठवणीपुरता. ती आठवण माझ्या एका वर्गमित्राची आहे. त्याचे नाव घेणार नाही. पण सांगतो आहे ते त्याच्या परवानगीने.

1974 सालचा मे महिना. आमची नववीची परीक्षा संपली होती. झाशीचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना हे सांगायला नको की त्या दिवसांत सारे शहर गच्चीवर झोपे. आमच्या गल्लीतल्या बहुतेक गच्च्यांना कठडे नव्हते. पहाटेच्या अंधारात माझा मित्र अर्धवट झोपेत उठला आणि मागच्या अंगणात कोसळला. उंची फार नव्हती, दहा-बारा फूट. आवाजाने आम्ही सगळे धावलो. तो पूर्ण शुद्धीवर होता. पाठीत असह्य कळा येत होत्या, पण बोलत होता. काकूंनी घाबऱ्या आवाजात "पाय हलव बघू" म्हटले आणि त्याने दोन्ही पायांची बोटे हलवून दाखवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

मग आम्ही त्याला उचलले. एकाने काखांत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले. पाय धरणारा मी होतो. मधली पाठ झोळीसारखी लोंबत होती. टांगा आला, त्यात आम्ही त्याला बसवले. निजवले नाही, बसवले. बाजूने दोघांनी आधार दिला आणि खडबडीत रस्त्याने रुग्णालयाकडे निघालो. वाटेत तो म्हणाला की पाय जड झाले. संध्याकाळपर्यंत कमरेखाली काहीही उरले नव्हते.

त्या उचलण्याने किती बिघडले आणि आतल्या सुजेने किती, याचा हिशोब इतकी वर्षे मणके उघडून पाहिल्यानंतरही मला मांडता आलेला नाही. परंतु बोटे हलत होती त्या क्षणी त्याचा मज्जारज्जू तुटलेला नव्हता, एवढे निश्चित. जे गेले ते नंतर गेले. आजचे माझे बोलणे त्या 'नंतर'विषयी आहे.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारी, करंगळीएवढ्या जाडीची मऊ दोरी. प्रौढ पुरुषात ती सुमारे 45 सेंटिमीटर लांब असते आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपते. मेंदूची प्रत्येक आज्ञा या दोरीतून खाली जाते आणि अंगाची प्रत्येक जाणीव हिच्यातून वर येते. निसर्गाने तिच्याभोवती हाडांची नळी घातली, ती संरक्षणासाठी. पण हेच संरक्षण अपघातानंतर तिचे वैरी होते. बोट चेंगरले तर ते सुजून दुप्पट होते, कारण सुजेला बाहेर जागा असते. मज्जारज्जू सुजला तर त्याला जायला जागा नाही. तो त्या नळीतच आवळला जातो.

उंचावरून पाय किंवा बूड टेकून पडणाऱ्या माणसाचा सगळा भार कण्यात सरळ वर चढतो, आणि छातीचा ताठ कणा जिथे कमरेच्या लवचीक कण्याला मिळतो तिथला मणका फुटतो, बाराव्या-पहिल्याच्या सांध्यावर. म्हणूनच कोणी उंचावरून पडून टाच मोडून आला, तर आम्ही टाचेआधी त्याची पाठ तपासतो. आपल्या किल्ल्यावर राणीसाहेबांनी घोड्यासह उडी घेतली असे जिथे सांगतात, तिथे आपण सर्वांनीच लहानपणी खाली डोकावून पाहिले आहे. त्या कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा इतिहासकारांचा प्रश्न. मी मात्र आता तिथे उभा राहिलो की माझी नजर खाली जाते आणि मनात बारावा मणका येतो. व्यवसायाने माणूस असा बिघडतो.

इजा दोन असतात. पहिली क्षणात होते: हाड फुटते, त्याचा तुकडा आत घुसतो, काही तंतू चिरडतात. ती कोणत्याही डॉक्टरला मागे घेता येत नाही. दुसरी त्या क्षणापासून सुरू होते आणि तासन्‌तास, दिवसेंदिवस चालते. पावसाळ्यात जुन्या गल्लीत एखादी भिंत पडते तेव्हा काय होते ते आठवा. भिंतीखाली जे सापडले ते गेले. पण त्यानंतर विजेची तार तुटून ठिणग्या उडतात, नळ फुटून शेजारच्या घरात पाणी शिरते, गल्ली अडल्यामुळे मदतीची गाडी आत येत नाही. न पडलेली घरेही मग पडू लागतात. मज्जारज्जूतही असेच घडते. बारीक रक्तवाहिन्या फाटतात, उरलेल्या आकसतात, आणि धडधाकट पेशींचाही प्राणवायू तुटतो. मेलेल्या पेशींतून ग्लुटामेट नावाचे द्रव्य सांडते. एरवी ते निरोपाचे काम करते, पण अति झाले की शेजारच्या पेशींना उत्तेजित करकरून मारते. त्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी राडारोडा उपसायला येतात आणि त्या उपशात चांगलेही खणून काढतात. तंतूंवरचे वेष्टन राखणाऱ्या पेशी तर पुढे कित्येक आठवडे मरत राहतात.

हे सारे सांगण्याचे कारण असे की वाचवायचे असते ते फार थोडे असते, आणि ते थोडेच फार मोलाचे असते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की दहा तंतूंपैकी एखादाच शाबूत राहिला, तरीही काही प्रमाणात चालणे परत येऊ शकते. त्या एका तंतूसाठी पहिल्या दिवशीची सारी धडपड.

हा विचार तसा अलीकडचा आहे. 1862 मध्ये एडविन स्मिथ या गृहस्थाने इजिप्तमध्ये एक पपायरस विकत घेतला. त्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने मानेचा मणका निखळून हातपाय गेलेल्या माणसाची लक्षणे अचूक टिपली आहेत, आणि शेवटी एवढेच लिहिले आहे की या दुखण्यावर उपचार करू नयेत. विसाव्या शतकापर्यंत जगाचे मत यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. 1911 मध्ये आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन या अमेरिकन वैद्यकाने कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून वजन पाडून पाहिले. इजेनंतर रज्जूला मधोमध बारीक चीर देऊन आत साचलेले रक्त आणि द्रव बाहेर काढला, तर जनावरे अधिक सुधारतात असे त्याला दिसले. म्हणजे घावाने जेवढे मारले त्याहून अधिक काहीतरी नंतर मारत होते. ॲलन 1918 मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. त्याने हाती दिलेला धागा पुन्हा उचलायला जगाने बराच वेळ लावला.

आता औषधाची गोष्ट. इथे मला थोडी कबुलीही द्यायची आहे.

1990 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपघातानंतर 8 तासांच्या आत मेथिलप्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड भरपूर मात्रेत शिरेतून दिले तर पक्षाघात थोडा कमी होतो, असे त्यात म्हटले होते. आम्हा तरुण डॉक्टरांना आकाश ठेंगणे झाले. ज्या दुखण्यावर हातात काहीच नव्हते, त्यावर अखेर काहीतरी आले! मी ते औषध कितीतरी वर्षे दिले. रात्री-अपरात्री रुग्ण आला की पहिला प्रश्न असे: पडून किती तास झाले? पुढे ते आकडे इतरांनी बारकाईने तपासले तेव्हा ध्यानात आले की सर्व रुग्ण एकत्र धरले तर फरक दिसतच नव्हता. दिसला तो 8 तासांच्या आत औषध मिळालेल्या गटापुरता, आणि तोही लहानसा. दुसऱ्या बाजूला न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव वाढत होता. 2004 मध्ये डोक्याच्या इजेत स्टेरॉइड देऊन पाहणारी एक प्रचंड चाचणी तर 10,008 रुग्णांनंतर थांबवावी लागली, कारण औषध दिलेल्यांपैकी अधिक जण दगावत होते. 2013 मध्ये अमेरिकी मेंदूशल्यविशारदांच्या संघटनांनी मज्जारज्जूच्या इजेत हे औषध देऊ नये असे स्पष्ट सांगितले. 2017 मध्ये दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 8 तासांच्या आत त्याचा विचार करता येईल अशी पळवाट ठेवली. माझे मत विचाराल तर मी ते देणे केव्हाच बंद केले आहे. आणि ज्यांना दिले त्यांच्यापैकी काहींचे चेहरे मला आठवतात.

त्यानंतर रिलुझोल नावाच्या औषधाकडून आशा होती. ग्लुटामेटचा तो सांडवा ते आवरते. त्याच्या मोठ्या चाचणीचे निकाल 2023 मध्ये आले. जे मुख्य उद्दिष्ट ठरवले होते ते गाठता आले नाही. मूलपेशींच्या जाहिराती तुम्ही वर्तमानपत्रांत पाहता. त्यांच्यापायी शेते विकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. दुसरी इजा हमखास थांबवील असे औषध आजमितीला जगात कुठेही नाही, हे पालकहो, कृपया लक्षात ठेवा; म्हणजे कोणी विकायला आला तर ओळखू येईल.

मग आहे काय? जे आहे ते अगदी साधे आहे. पहिली गोष्ट रक्तदाब. मज्जारज्जू वरच्या भागात दुखावला की रक्तवाहिन्यांचा ताण सुटतो, रक्तदाब कोसळतो, नाडी मंद होते, आणि आधीच उपाशी असलेल्या पेशींना रक्त मिळेनासे होते. म्हणून पहिले काही दिवस सरासरी दाब 85 च्या आसपास टिकवून धरायचा आणि प्राणवायू कमी पडू द्यायचा नाही. यात चमत्कार काही नाही. रात्रभर जागणारी परिचारिका आणि चालू असलेले यंत्र, एवढे लागते. दुसरी गोष्ट वेळेवर शस्त्रक्रिया. मानेच्या इजेच्या 313 रुग्णांचा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. 24 तासांच्या आत रज्जूवरचा दाब काढलेल्यांपैकी जवळजवळ 20 टक्के रुग्ण सहा महिन्यांत दोन किंवा अधिक पायऱ्यांनी सुधारले. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 9 टक्क्यांच्या आत होते. म्हणजे घड्याळ हेच औषध.

आणि हे घड्याळ रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही. ते अंगणात सुरू होते, किंवा रस्त्यावर. श्रीनगर ते कन्याकुमारी आणि सिलचर ते पोरबंदर हे देशाचे दोन महामार्ग आपल्या झाशीपाशी एकमेकांना छेदतात, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याचा दुसरा अर्थही आहे. बबीना, मोंठ, दतिया, कुठल्याही दिशेने जा. मोडलेला माणूस प्रथम ज्याच्या हाती सापडतो तो डॉक्टर नसतो. तो तुमच्या-आमच्यासारखा कोणीतरी असतो, आणि त्याला घाई झालेली असते.

त्या घाईविषयीच मला सर्वात जास्त बोलायचे आहे. जखमी माणूस श्वास घेत असेल, आजूबाजूला आग, पाणी किंवा धावती वाहने नसतील, तर त्याला हलवू नका. 108 ला फोन करा आणि त्याच्या डोक्याशी बसा. दोन्ही हातांनी डोके जसे आहे तसे धरून ठेवा आणि त्याच्याशी बोलत राहा. मान वळवू नका, मानेखाली उशी सरकवू नका, 'बसून बघ, बरे वाटेल' म्हणू नका, पाणी पाजू नका. दुचाकीस्वाराचे हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच काढायचे, आणि तेही दोघांनी, एकाने मान धरून. हातापायांची बोटे हलवायला सांगा. हलली की नाही आणि तेव्हा किती वाजले, हे कागदावर लिहा आणि तो कागद रुग्णाबरोबर पाठवा. तुम्हाला हसू येईल, पण 'सकाळी 5.20, दोन्ही पाय हलत होते' अशी एक ओळ आम्हाला मिळाली तर पुढचे निर्णय बदलतात. इजा वाढते आहे हे त्यावरूनच कळते.

हलवणे भागच असेल तर चार-पाच माणसे हवीत. एक जण फक्त डोके सांभाळील आणि आज्ञाही तोच देईल. बाकीचे एका बाजूला गुडघे टेकून खांदा, कंबर, मांड्या धरतील आणि लाकडाचा ओंडका लोळवावा तसे सारे अंग एका रेषेत कुशीवर वळवतील. पाठीमागे फळी सरकवायची आणि तसेच परत निजवायचे. दाराची फळी चालेल, तख्त चालेल. सुतळीची खाट चालणार नाही. तिच्या झोळात पाठ वाकते. मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलात गुंडाळलेली वीट ठेवली तरी पुरते. श्वासमार्ग मात्र सगळ्यांच्या आधी. कणा वाचवण्याच्या नादात माणूस गुदमरू देऊ नका.

मुलांच्या पालकांना आणखी एक सांगतो. ओरछ्याला बेतवेच्या कातळांवरून सूर मारणारी पोरे आपण पाहतो. पाण्याखाली खडक किती उथळ आहे ते वरून दिसत नाही. डोके त्यावर आपटले की मानेचा पाचवा-सहावा मणका मोडतो आणि पायांबरोबर हातही जातात. अनोळखी पाण्यात आधी पाय, मग डोके.

मदत करायला लोक भितात ते पोलिसांना, हेही मला ठाऊक आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ ने हे भय दूर केले आहे. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय 2025 पासून रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळण्याची केंद्र सरकारची योजना आहे.

माझ्या मित्राकडे परत येतो. त्या काळी असे रुग्ण पाठीवरच्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने जात. 1944 मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी कक्ष उघडला आणि दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवण्याचा दंडक घातला. तोवर ज्यांच्या मरणाची सगळे वाट पाहत, ती माणसे जगू लागली, आणि 1948 मध्ये त्याच आवारात 16 जणांनी स्पर्धाही खेळली. वॉर्डातल्या एका परिचारिकेने काकूंना हेच सांगितले होते: दर दोन तासांनी वळवा. काकूंनी गटमन हे नाव कधी ऐकले नव्हते. त्यांनी देवघरातले गजराचे घड्याळ त्याच्या उशाशी आणले आणि कितीतरी वर्षे रात्री दर दोन तासांनी त्या उठत राहिल्या. मज्जारज्जू गेल्यावर उरलेले शरीर वाचवणे, हेही संरक्षणच.

आमच्या कानावर तेव्हा मुरलीकांत पेटकरांचे नाव आले नव्हते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचा हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात त्याने पॅरालिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. त्याच युद्धात कण्यात गोळी लागलेले एव्हरेस्टवीर मेजर अहलुवालिया यांनी पुढे दिल्लीत भारतीय मेरुदंड इजा केंद्र उभे केले. पुण्याला खडकीचे लष्करी पुनर्वसन केंद्र 1974 चे, म्हणजे माझा मित्र पडला त्याच वर्षीचे. मराठी मुलखापासून आम्ही एवढे दूर. कळायला उशीर लागला. तो पोहला नाही. त्याने घरी गणिताच्या शिकवण्या घेतल्या. आज इथे बसलेल्यांपैकी निदान तीस जणांना त्रिकोणमिती त्याने शिकवली आहे, आणि त्यांतल्या काहींच्या मुलांनाही.

माझे बोलणे संपले, आता काम. सभागृहात मागे एक फळी, दोन चादरी आणि दोन विटा ठेवल्या आहेत. नववी-दहावीची पाच मुले आणि पाच मुली पुढे याव्यात; वळवणे आणि उचलणे आपण प्रत्यक्ष करून पाहू. रुग्ण म्हणून कोणाला निजवायचे, हे मी काल त्यालाच विचारले. तो म्हणाला, "मी येतो. मला सवय आहे. पण या वेळी पाय तू धरू नकोस." तिसऱ्या रांगेच्या कडेला त्याची खुर्ची आहे. मुलांनो, आधी त्याला नमस्कार करा आणि मग कामाला लागा.